वाडग्याला नाव आहे, कुंभाराला नाही

(पोस्ट मोठी आहे. विषय चहाचा आहे, तेव्हा कप हातात घेऊन सवडीने वाचली तरी चालेल.)

जपान सरकारने चहा प्यायचे एकूण आठ वाडगे 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून जाहीर केले आहेत. तिथे जो सर्वोच्च दर्जा जुन्या देवळांना आणि बुद्धमूर्तींना मिळतो, तोच या मातीच्या आठ वाडग्यांना. आता गंमत बघा. आठातले पाच चीनमध्ये घडले. एक कोरियात. जपानच्या स्वतःच्या मातीतले फक्त दोन. आणि आठांपैकी घडवणाऱ्याचं नाव खात्रीने सांगता येतं असा वाडगा एकच.

मालकांची नावं मात्र विचारा. कुणाकडून कुणाकडे गेला, कुठल्या सरदाराने घेतला, कुठल्या मठात ठेवला, कुठल्या रेशमात गुंडाळला, हे पिढ्यान्पिढ्या लिहून ठेवलेलं आहे. नामांकित वाडग्यांना तर स्वतःचीही नावं असतात, आपल्याकडे राजाच्या हत्ती-घोड्यांना असायची तशी.

मी वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय. 'कार्यक्रमास अमुक, तमुक व इतर मान्यवर उपस्थित होते' हे वाक्य किती हजार वेळा टाईप केलं असेल, गणतीच नाही. त्यामुळे कुठलीही यादी दिसली की 'व इतर'मध्ये कोण गेलं, हे बघायची खोड लागली आहे. या वाडग्यांच्या बाबतीतही तेच झालं.

दुसरं कारण म्हणजे माचा. हल्ली आमच्यासारख्या गावातल्या कॅफेतसुद्धा 'माचा'ची पाटी दिसते. हिरव्या चहाची बारीक पूड, बांबूचं घुसळणं आणि एक ओबडधोबड वाडगा. सोबत रील्स. 'वाबी-साबी', साधेपणातलं सौंदर्य, तुटलेलं सोन्याने जोडा आणि आयुष्य सुंदर करा वगैरे. ऐकायला छान वाटतं. पण ज्या शतकात ही आवड घडली, ते शतक जपानी इतिहासातलं सगळ्यात रक्तबंबाळ शतक होतं. वाडगा हातात धरून डोळे मिटणारी माणसं आणि गावंच्या गावं जाळणारी माणसं वेगवेगळी नव्हती. हे रीलमध्ये येत नाही, म्हणून इथे लिहितो.

सुरुवात चीनपासून. पूड केलेला चहा वाडग्यात घुसळून प्यायची पद्धत सोंग राजवटीतल्या चीनची. जपानी बौद्ध भिक्षू तिकडे शिकायला जायचे, ते चहाबरोबर काळ्या झिलईचे वाडगेही घेऊन आले. फुजियान प्रांतातल्या जियान भट्ट्यांमधले हे वाडगे. जपानीत त्यांना 'तेनमोकू' म्हणतात, ज्या डोंगरावरच्या मठांत हे भिक्षू राहायचे त्या डोंगराच्या नावावरून. आठ राष्ट्रीय ठेव्यांपैकी तीन याच भट्ट्यांतले, 'योहेन तेनमोकू' जातीचे. काळ्या पृष्ठभागावर निळे-जांभळे डाग, डागांभोवती वलय, वाडगा हलवला की रंग सरकतो. भट्टीत नेमकं काय झाल्याने असं होतं, यावर आजही कुंभार आयुष्य घालवताहेत.

पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकात आवड बदलली. चकचकीत चिनी मालाऐवजी खडबडीत, साध्या, थोड्या वाकड्या भांड्यांकडे चहावाले वळले. मुराता जुको, मग ताकेनो जोओ आणि शेवटी सेन नो रिक्यू, अशी ही परंपरा. पण साधेपणा आला म्हणून भाव उतरले असं समजू नका. उलट चढले.

याचा एक साक्षीदार आपल्या गोव्यातून तिकडे गेलेला आहे. आलेस्सांद्रो वालिन्यानो नावाचा इटालियन जेझुइट पाद्री १५७४ मध्ये गोव्यात उतरला. पूर्वेकडच्या सगळ्या मिशनांची तपासणी त्याच्याकडे होती. १५७९ मध्ये तो जपानला पोचला. तिथे बुंगो प्रांताच्या राजाने, म्हणजे ओतोमो सोरिनने, त्याला मोठ्या अभिमानाने मातीचं एक छोटंसं भांडं दाखवलं. किंमत चांदीचे नऊ हजार ताएल. एक ताएल म्हणजे तीन तोळ्यांहून थोडं जास्त, तेव्हा हिशेब तुम्हीच करा, तीनशे किलोच्या वर चांदी जाते. वालिन्यानोने १५८३ च्या आपल्या अहवालात लिहिलं की हे भांडं पक्ष्याच्या पिंजऱ्यात पाणी ठेवायच्या लायकीचं आहे, आपण त्याचे दोन दिडक्याही दिल्या नसत्या. पण माणूस हुशार. जपानमधल्या प्रत्येक जेझुइट घरात चहाची खोली असलीच पाहिजे, असा नियमही त्यानेच घालून दिला. भांड्यात त्याला काही दिसलं नसेल, पण त्या भांड्याभोवती सत्ता कशी फिरते ते बरोबर दिसलं.

आणि सत्ता फिरतच होती. ओदा नोबुनागाने प्रसिद्ध चहाची भांडी गोळा करायचा सपाटा लावला. काही विकत घेतली, काही जिंकली, काही 'द्या' म्हणून मागितली. नोबुनागाला 'नाही' कोण म्हणणार? मग तीच भांडी तो सरदारांना बक्षीस म्हणून द्यायचा. आपल्याकडे जहागीर आणि मानाची वस्त्रं द्यायचे, तसं. जमीन किती वाटणार, ती संपते. वाडगा किंवा बरणी मोठी करायला मात्र नुसता शब्द पुरतो. ताकिगावा काझुमासू नावाच्या सरदाराला १५८२ मध्ये मोठा मुलूख मिळाला, तरी तो खट्टू होता, कारण त्याला हवी होती चहाची एक छोटी बरणी. ती काही मिळाली नाही.

नोबुनागानंतर तोयोतोमी हिदेयोशी आला. सामान्य घरातला माणूस, अख्ख्या जपानचा धनी झाला. त्याच्या पदरी चहाचा गुरू म्हणून होता रिक्यू. रिक्यूचे वडील साकाई बंदरातले मासळीचे व्यापारी. म्हणजे एक शिपाईगडी आणि एक व्यापाऱ्याचा पोर, या दोघांनी मिळून पुढच्या चारशे वर्षांची अभिरुची ठरवली. रिक्यूने चोजिरो नावाच्या कौलं घडवणाऱ्या कारागिराकडून वाडगे करून घेतले. चाकावर न घालता, नुसत्या हाताने थापून. काळा राकू वाडगा लालभडक असताना भट्टीतून सांडशीने बाहेर ओढतात, म्हणून झिलई चटकन थिजते आणि तो गूढ काळा रंग येतो. चोजिरो १५८९ मध्ये वारला. त्याचं घराणं आजही क्योतोत वाडगे करतं, सध्या सोळावी पिढी आहे. या सगळ्या कहाणीत नाव टिकलेला हा एक भाग्यवान कारागीर. गंमत म्हणजे खुद्द हिदेयोशीला काळे वाडगे आवडायचे नाहीत. हाकाता बंदरातला व्यापारी कामिया सोतान याच्या रोजनिशीत तशी नोंदच आहे.

१५८७ मध्ये हिदेयोशीने क्योतोच्या कितानो देवस्थानाच्या आवारात प्रचंड चहा मेळावा भरवला. दवंडी अशी की शेतकरी असो, दुकानदार असो की नोकर, कुणीही यावं; एक किटली आणि एक वाडगा घेऊन या; चहाची पूड नसेल तर भाजलेलं पीठ चालेल. दहा दिवस चालणार होता, एका दिवसात गुंडाळला. (जाहीर सभेच्या बातम्या केलेल्यांना हे नवीन वाटणार नाही.) हाच हिदेयोशी सोन्याने मढवलेली चहाची खोलीही बाळगून होता.

चार वर्षांनी, १५९१ मध्ये, त्याने रिक्यूला पोट फाडून मरायचा हुकूम दिला. खरं कारण काय, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. आरोपांत एक असा होता की रिक्यू चहाची भांडी अवाच्या सवा भावाने विकतो. मला हा आरोप महत्त्वाचा वाटतो. कारण तोवर भांड्याची किंमत मातीवर किंवा कारागिरीवर ठरत नव्हती, रिक्यू काय म्हणतो यावर ठरत होती. पैसा काढायची अशी टांकसाळ दुसऱ्या माणसाच्या हातात कुठला राज्यकर्ता राहू देईल?

आता जरा वाडगा बघतात कसा, ते सांगतो. कारण ते नीट कळल्याशिवाय हा सगळा वेडेपणाच वाटेल.

पाहुणा चहा पिऊन झाल्यावर वाडगा गुडघ्यांसमोर चटईवर ठेवतो. खाली वाकतो, कोपरं जवळजवळ जमिनीला टेकवतो आणि वाडगा जेमतेम बोटभर उचलतो. हातातून सुटलाच तर फुटायला नको. आधी एकूण घाट. मग आत, तळाशी जिथे शेवटचा घोट साचतो तो खळगा. मग काठ, जिथे ओठ लागतो. सगळ्यात शेवटी वाडगा कलवून बूड. खरा शौकीन बुडावरच थांबतो. कारण बऱ्याच वाडग्यांच्या बुडाला झिलई नसते, माती उघडी असते. कुंभाराने चाकावर शेवटी जी सुरी किंवा बांबूची पट्टी फिरवली, तिचा वेग, तिची घाई, तिचा जोर, सगळं तिथे राहतं. सहीपेक्षा पक्कं. हातातलं वजन, भिंतीची जाडी, ऊब किती हळू पोचते, झिलईतल्या बारीक भेगांत वर्षानुवर्षं चहा मुरून रंग कसा पालटतो, हे वापरल्याशिवाय कळत नाही. हागी गावच्या वाडग्यांबद्दल म्हणतात की ते सात वेळा रूप बदलतात. काचेच्या कपाटात ठेवलेला वाडगा म्हणून या लोकांना अर्धाच वाटतो. हे मला पटतं. आपल्याकडेही रोजच्या वापरातला लोखंडी तवा आणि शोकेसमधला तवा यात फरक असतोच की.

आता आठांपैकी त्या एकमेव कोरियन वाडग्याकडे येऊ. नाव 'किझाएमोन इदो'. सोळाव्या शतकातला. रंग लोकाट फळासारखा पिवळसर-नारिंगी. बुडाची कडी बांबूच्या पेरासारखी. बुडाजवळ झिलई आक्रसून तिचे थेंब थेंब झालेले. खरं तर हा भाजणीतला दोष, पण जपानी चहावाल्यांनी त्यालाच नाव देऊन गुण ठरवलं. तलवारीच्या मुठीवरच्या खरबरीत माशाच्या कातड्याला जो शब्द, तोच याला. आणि 'किझाएमोन' कोण? कुंभार नव्हे. ताकेदा किझाएमोन नावाचा ओसाकाचा व्यापारी, एकेकाळचा मालक. कथा अशी की तो कंगाल झाला, अंगावर गळवं आली, तरी वाडगा सोडेना. पुढे मात्सुएचा सरदार मात्सुदाइरा फुमाई याने ५५० सुवर्णमुद्रांना तो घेतला. त्यालाही गळवं झाली म्हणतात, त्याच्या मुलालाही. १८१८ मध्ये फुमाई वारला, आणि पुढे त्याच्या बायकोने वैतागून वाडगा क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरातल्या कोहो-आन मठाला देऊन टाकला. आजही तिथेच आहे.

असाच आणखी एक इदो वाडगा हिदेयोशीकडे होता. एका पोऱ्याच्या हातून तो पडला आणि पाच तुकडे झाले. हिदेयोशीचा पारा चढला. तेवढ्यात होसोकावा यूसाई या सरदाराने जुन्या काव्यावरची कोटी करत दोष स्वतःकडे घेतला, सगळे हसले, पोऱ्या वाचला. तुकडे जोडलेला तो वाडगा अजून आहे, यूसाईचं नावही आहे. पोऱ्याचं नाव नाही.

मग आलं १५९२ साल. इकडे पैठणला एकनाथ महाराज हयात होते, तिकडे हिदेयोशीने कोरियावर दीड लाखाहून जास्त फौज उतरवली. त्याला खरं तर चीन जिंकायचा होता, कोरिया म्हणजे नुसती वाट. १५९८ पर्यंत, हिदेयोशी मरेपर्यंत, हे चालू राहिलं. मारलेल्यांची नाकं कापून, मीठ लावून पिंपांत भरून जपानला पाठवली जायची, शिपायाची कामगिरी मोजायला. क्योतोत त्या नाकांचं थडगं आजही आहे, एक गवताळ टेकाड. आणि परत येणाऱ्या जहाजांत सरदारांनी हजारो माणसं भरून आणली. त्यांत कुंभार होते.

जपानमध्ये या युद्धाला गमतीने 'भांड्यांची लढाई' म्हणतात. मला ती गंमत रुचत नाही. भांड्यांसाठी युद्ध झालं हे खरंही नाही. पण ज्या वाडग्यांचं कौतुक करून करून जिभा थकल्या होत्या, ते घडवणारे हात आता फुकट मिळत होते, आणि ते उचलले गेले, हे खरं. हागी, कारात्सू, सात्सुमा, आरिता. चहाचे वाडगे आणि चिनी मातीची भांडी यांचा अभ्यास करताना ही जी नावं मानाने घेतली जातात, त्या प्रत्येक गावाच्या पायाशी कोरियन कुंभार आहेत. चहावाल्यांत एक क्रमवारीच आहे, पहिला राकू, दुसरा हागी, तिसरा कारात्सू. तिघांपैकी दोन तेच.

यात नावांचं काय झालं बघा. आरिताला चिनी मातीचा जनक मानतात तो ई साम-प्योंग. १६१६ च्या सुमारास त्याला तिथल्या डोंगरात पांढरी माती सापडली, अशी परंपरा आहे. गावात त्याचा स्मारकस्तंभ आहे. पण जुन्या जपानी कागदांत त्याचं नाव कानागाए सानबेई असं आहे. 'ई साम-प्योंग' हे कोरियन नाव त्यावरून नंतरच्या काळात बांधलेला अंदाज. जनकाचं नावही अंदाजाचं! त्याच आरितात एक बाई होती. नवरा मेल्यावर तिने शेकडो कोरियन कुंभारांना एकत्र धरून आरितात आणलं, भट्ट्या उभ्या केल्या. १६५६ मध्ये, ९६ व्या वर्षी वारली. पणतवाने तिचा शिलालेख कोरला. तिला ओळखतात 'बेक पा-सन' म्हणून. त्याचा अर्थ साधारण 'शंभरीची पूजनीय आजी'. तिचं खरं नाव कुणालाच माहीत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर बातमी एकांगी होईल. तेव्हाच्या कोरियात कुंभाराला समाजात खालचं स्थान होतं. जपानी सरदारांनी यांतल्या अनेकांना जमीन दिली, तनखा दिला, काहींना सामुराईच्या जवळचा दर्जा दिला. युद्धानंतर कोरियाचे वकील बंदिवान परत न्यायला आले, तेव्हा सगळेच गेले नाहीत. पण निवडीचा प्रश्न आधी कुठे होता? ज्याला घरातून उचलून नेलं, त्याला पुढे चांगला पगार दिला म्हणून उचलण्याचं पाप फिटत नाही, निदान माझ्या हिशेबात तरी.

सगळे कोरियनच, असंही नाही. जपानी मातीतल्या दोन राष्ट्रीय ठेव्यांपैकी एक 'फुजीसान'. होनआमी कोएत्सू या तलवारपारख्याच्या घराण्यातल्या कलावंताने स्वतः केलेला, पेटीवर त्याचीच अक्षरं. घडवणाऱ्याचं नाव सांगता येतं तो हाच. नाव टिकलं कारण तो कुंभार नव्हता, बडा माणूस होता. दुसरा 'उनोहानागाकी', शिनो प्रकारचा. जाड पांढरी झिलई, संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं, खाली लोहाच्या रंगाने काढलेलं कुंपण. आणि या शिनो वाडग्यांच्या बाबतीत तर घडवणारा माणूसच काय, अख्खं गाव 'व इतर'मध्ये गेलं होतं.

ही हकीकत प्रत्येक बातमीदाराने वाचावी अशी. तीन-साडेतीनशे वर्षं सगळे तज्ज्ञ सांगत होते की शिनो वाडगे सेतो गावचे. १९३० मध्ये आराकावा तोयोझो नावाच्या कुंभाराने नागोयात एक जुना शिनो वाडगा पाहिला. त्यावर बांबूच्या कोंबाचं चित्र. बाकीच्यांनी चित्र पाहिलं, याने बूड पाहिलं. बुडाच्या कडीला लाल मातीचा एवढासा गोळा चिकटलेला होता. ही माती सेतोची वाटेना. त्याला शेजारच्या मिनो भागातल्या जुन्या पडक्या भट्ट्या आठवल्या. तो उठून तिकडे गेला, ओकाया गावाजवळच्या मुताबोरा भट्टीच्या जागी उकरू लागला, आणि त्याला एक खापर सापडलं. त्यावर तोच बांबूचा कोंब. साडेतीनशे वर्षांची 'सर्वांना माहीत असलेली गोष्ट' एका खापराने खोटी ठरली. आराकावाने पुढे तिथेच जुन्या पद्धतीची भट्टी बांधली आणि उरलेलं आयुष्य शिनो करण्यात घालवलं. 'उनोहानागाकी'ही त्याच मुताबोरा भट्टीतला मानतात. कुणाच्या हातचा, ते मात्र खापरंही सांगत नाहीत.

आता त्या अनाम माणसांच्या बाजूने सगळ्यात जास्त बोललेला माणूस म्हणजे यानागी सोएत्सू. १९३१ मध्ये त्याला किझाएमोन वाडगा बघायला मिळाला. पेटीत पेटी, अशा पाच पेट्या, मग लोकर, मग जांभळं रेशीम, आणि आत काय? एक अगदी साधा वाडगा. त्याचं म्हणणं असं की हा गरीब कोरियन माणसाचा जेवायचा वाडगा, अनाम कुंभाराने विचार न करता, पोटासाठी, भराभर केलेला, आणि म्हणूनच सुंदर. या विचारातून जपानची लोककला चळवळ उभी राहिली.

यानागीबद्दल माझं मत एका बाजूला झुकत नाही. तेव्हा कोरिया जपानच्या गुलामीत होता. सोलचा जुना ग्वांगह्वामुन दरवाजा पाडायचा जपानी सरकारचा बेत होता, त्याविरुद्ध या माणसाने १९२२ मध्ये जाहीर लिहिलं. १९२४ मध्ये सोलमध्ये कोरियन लोककलेचं संग्रहालय उघडलं. त्याचा साथी आसाकावा ताकुमी वनखात्यातला साधा कर्मचारी. कोरियन बोलायचा, कोरियन कपडे घालायचा, आणि १९३१ मध्ये वारला तेव्हा कोरियन लोकांनीच त्याला खांदा दिला. हे छोटं काम नाही. पण कोरियाची कला म्हणजे दुःखाची कला, असं यानागी म्हणाला, ते कोरियन अभ्यासकांना खटकलं, आणि ते बरोबरच आहे. दुःख देणारे घरचेच असताना त्या दुःखाचं सौंदर्य वाखाणणं सोपं असतं. शिवाय इदो वाडगा खरंच गरिबाच्या जेवणाचा होता का, यावरही आता वाद आहे. तो पूजेच्या भांड्यांपैकी असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. म्हणजे 'त्याला काही कळत नव्हतं, आम्हालाच सौंदर्य दिसलं' ही गोष्ट गिऱ्हाइकाने रचलेली असू शकते. कुंभाराला कुणी विचारलं होतं?

अनामिकपणाचं पुढे काय झालं, ते मजेशीर आहे. यानागीचा मित्र हामादा शोजी, माशिको गावचा थोर कुंभार. तो तत्त्व म्हणून भांड्यावर सही करत नसे. पण जपानी बाजारात भांड्याइतकीच त्याची लाकडी पेटी महत्त्वाची. पेटीवर कुंभाराची किंवा चहागुरूची अक्षरं असली तर भाव, नसली तर घसरण. मग हामादा पेटीवर सही करायचा! १९५५ मध्ये सरकारने पहिल्यांदा कारागिरांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून निवडलं, त्यात हामादाही होता आणि आराकावाही. या लोकांना आज सरकार वर्षाला वीस लाख येन देतं, आपली कला पुढच्या पिढीला शिकवण्यासाठी. कावाई कान्जिरोने मात्र हा मान नाकारला.

आणि सरकारी शिक्क्यावर फार विसंबू नये, हेही जपाननेच दाखवलं. १९५९ मध्ये तेराव्या शतकातला म्हणून एक रांजण महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती ठरवला गेला. वर्षभरात बोभाटा झाला की हा कातो तोकुरो या हयात कुंभाराने घडवलेला आहे. १९६१ मध्ये दर्जा काढून घेतला, शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ अधिकाऱ्याची नोकरी गेली. कातोची बदनामी झाली खरी, पण त्याच्या शिनो वाडग्यांचा भाव पुढे वाढतच गेला. सातशे वर्षांपूर्वीच्या अनाम कुंभाराइतका चांगला हात आहे, हे सरकारनेच तर सिद्ध करून दिलं होतं.

शेवटी सात्सुमाकडे येतो. १५९८ मध्ये शिमाझू सरदाराने नामवन शहराच्या बाजूने पकडून आणलेली कुंभार कुटुंबं नाएशिरोगावा गावी वसवली गेली, आजचं मियामा. संस्थानाचा नियम असा की यांनी कोरियन नावंच लावायची, कोरियन कपडेच घालायचे, भाषा विसरायची नाही. दोन-अडीचशे वर्षं हे चाललं. त्यांनी टेकडीवर आपल्या कोरियन आदिपुरुषाचं, दांगुनचं, देऊळ बांधलं. मेइजी काळात नियम उलटला आणि कोरियन नाव हेच ओझं झालं. १८८६ मध्ये इथल्या 'पाक' आडनावाच्या एका भांडी-व्यापाऱ्याने सामुराई घराण्याचं 'तोगो' हे नाव विकत घेतलं. त्याचा मुलगा तोगो शिगेनोरी १९४१ मध्ये, पर्ल हार्बरच्या वेळी, जपानचा परराष्ट्रमंत्री होता. १९४५ मध्ये पुन्हा होता आणि शरणागतीसाठी मंत्रिमंडळात भांडत होता. तोक्यो खटल्यात (तोच, ज्यात आपल्या राधाविनोद पाल यांनी वेगळा निकाल दिला) त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. १९५० मध्ये कैदेतच वारला. पकडून आणलेल्या कुंभारांच्या गावचा पोरगा.

त्याच गावच्या शिम घराण्याने मात्र कोरियन नाव टिकवून ठेवलं. कर्ता पुरुष 'शिम सु-ग्वान' हेच नाव पुढे चालवतो. या भागातले अगदी सुरुवातीचे जे वाडगे आहेत, त्यांना जपानीत 'हिबाकारी' म्हणतात. अर्थ 'फक्त आग'. म्हणजे माती कोरियातून आणलेली, झिलई कोरियाची, हात कोरियाचे; जपानची काय ती फक्त आग.

१९९८ मध्ये या लोकांना येऊन चारशे वर्षं झाली. तेव्हा चौदाव्या शिम सु-ग्वान यांच्या पुढाकाराने नामवनमध्ये अग्नी पेटवला गेला, जहाजाने समुद्र ओलांडून मियामाला आणला गेला, आणि त्या आगीवर तिथली भट्टी लागली. या वेळी माती जपानची होती, झिलई जपानची होती. आग तेवढी घरून आणलेली.